नर्सची टंचाई आहे म्हणतात, मग शिकलेली पोरगी नऊ हजारावर का राबतीय?

जिंतूर तालुक्यातल्या एका दादांचा प्रश्न आहे. धाकटी बहीण बारावी सायन्स झाली, नीटला मार्क कमी आले, आता नर्सिंगचं बघायलेत. एका खासगी कॉलेजचा माणूस रोज फोन करतो की सरकार नवीन नर्सिंग कॉलेजं काढतंय, मेगाभरती चालू आहे, चार वर्षांनी सरकारी नोकरी पक्की, सीट आजच बुक करा. आणि यांचीच चुलत बहीण जीएनएम (नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा) होऊन बसली, परभणीत एका खासगी दवाखान्यात नऊ हजार पगारावर दिवस-रात्र राबतीय. मग टंचाई खरी का खोटी, सरकार नेमकं काय करतंय, आणि त्या भरवशावर दोन एकर गहाण ठेवून बहिणीला नर्सिंगला घालावं का, असं त्यांनी विचारलंय.

दादा, मी आधी वॉर्डात स्टाफ नर्स, मग इनचार्ज आणि शेवटची बरीच वर्षं पाठ्यनिर्देशिका म्हणून काम केलं, सगळी नोकरी मराठवाड्यातच गेली. मी शिकवलेल्या मुली आज घाटीत (संभाजीनगरचं सरकारी हॉस्पिटल) आहेत, अंबाजोगाईला, लातूरला आहेत, पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आहेत, आखातात आहेत, आणि कितीतरी जणी रजिस्ट्रेशन कपाटात ठेवून घरी आहेत. त्यामुळे तुमच्या प्रश्नातला पेच मला रोजचा आहे. तुम्ही विचारताय टंचाई खरी का, पण खरा प्रश्न असा आहे की टंचाई कशाची. नर्सिंग शिकलेल्या मुलींची टंचाई आपल्याकडे फार नाही. टंचाई आहे ती भरलेल्या पदांची आणि बाईला दहा-पंधरा वर्षं टिकता येईल अशा नोकरीची. ह्या दोन गोष्टी वेगळ्या करून बघितल्या की सरकारच्या कुठल्या घोषणेचा तुमच्या बहिणीला उपयोग आहे आणि कुठल्या नाही ते आपोआप कळतं.

आधीच सांगते, बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत. कॉलेज कोणतं मिळतं, तुमचा प्रवर्ग आणि उत्पन्न किती, बहीण घर सोडून मुंबईला किंवा दुसऱ्या राज्यात जायला तयार आहे का, घरचे जाऊ देतील का, ती पास होईल त्या वर्षी जाहिरात निघालेली असेल का. यातलं शेवटचं तर कुणाच्याच हातात नाही. त्यामुळे फोनवरचा माणूस नोकरी पक्की म्हणतो तिथंच त्याचं बोलणं खोटं ठरतं.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगभरात ५८ लाख नर्स कमी असल्याचा अंदाज दिलाय. आपल्याकडे हजार लोकांमागे तीन नर्स असाव्यात असं नेहमी सांगतात आणि सरकार स्वतःच आपला आकडा दोनच्या आसपास सांगतं. पण हे दोन कसे मोजले ते बघा. रजिस्टरला ज्यांचं नाव आहे त्या सगळ्या त्यात आल्या, म्हणजे लग्नानंतर काम सोडलेल्या, परदेशात गेलेल्या, तलाठी किंवा बँकेची परीक्षा देऊन तिकडे गेलेल्या, सगळ्या. भारतीय परिचर्या परिषदेने (नर्सिंगवर देखरेख करणारी देशपातळीवरची संस्था) म्हणून तर एनआरटीएस नावाचं ऑनलाइन रजिस्टर केलंय, प्रत्येकीला एक युनिक नंबर, म्हणजे काम करणाऱ्या किती ते कळावं. चांगलं काम आहे ते. नावं मोजणं आणि हात मोजणं यात फार फरक असतो.

वॉर्डातला हिशोब नीट समजून घ्या, कारण पेपरात तो कधी येत नाही. परिषदेचा निकष असा की मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक नर्स, जिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी पाचामागे एक, आयसीयूत एकाला एक. लोकांना वाटतं तीन खाटांजवळ एक सिस्टर उभी असेल, पण तसं नसतं. तो आकडा तिन्ही पाळ्या मिळून आहे, म्हणजे एका पाळीत नऊ पेशंटमागे एक, आणि पाचाचे पंधरा होतात. वर सुट्ट्या-रजांसाठी ३० टक्के पदं जादा धरायची. आता एका जागेवर वर्षभर चोवीस तास एक सिस्टर पाहिजे असेल तर आठवड्याच्या २१ पाळ्या झाल्या, एक जण सहा करते म्हणजे साडेतीन जणी इथंच लागल्या, त्यात नाईटनंतरचे ऑफ, सीएल, आजारपण, १८० दिवसांची बाळंतपणाची रजा, ट्रेनिंग, कोर्टाची साक्ष हे सगळं धरलं की आकडा पाचाच्या जवळ जातो. म्हणजे एखाद्या हॉस्पिटलात शंभर नर्स आहेत असं कागदावर दिसलं तर कुठल्याही एका क्षणी पेशंटजवळ साधारण वीस. आणि त्या शंभरातली समजा तीस पदं रिकामी असली तर चौदा. ह्या चौदांमधून दोन-चार जणी कुठल्या तरी ऑफिसला, स्टोअरला नाहीतर योजनेच्या टेबलावर प्रतिनियुक्तीवर. मग रात्री चाळीस-पन्नास पेशंटच्या वॉर्डात एक सिस्टर आणि एक मावशी का असते ते कळतं.

बरं, मंजूर खाटांवर पदं मंजूर होतात आणि आपल्याकडची सरकारी हॉस्पिटलं मंजूर खाटांवर कधी थांबत नाहीत. एका खाटेवर दोन बाळंतिणी आणि खाली गाद्या टाकून बाकीच्या, हे घाटीपासून नांदेडपर्यंत कुणीही बघितलंय. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत २४ जण गेले, त्यात १२ नवजात बाळं होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, मंजूर पदं किती आणि रिकामी किती याची माहिती मागवली, आणि खाटा नाहीत, स्टाफ नाही, औषधं नाहीत ही कारणं चालवून घेणार नाही असं सुनावलं. त्या मृत्यूंची कारणं बरीच होती, अत्यवस्थ बाळं शेवटच्या क्षणी लांबून रेफर होऊन येतात हेही एक. पण ज्यांनी एसएनसीयूत म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात ड्यूटी केलीय त्यांना माहितीय, दीड किलोच्या बाळाला दर दोन तासाला मोजून दूध, सलाईनचा ड्रॉप, ऑक्सिजन, हात-पाय निळे पडतात का ते बघणं, हे मशीन करत नाही. एका सिस्टरकडे चार बाळं असली तर ती हे करू शकते. पंधरा असली तर ती फक्त धावते. मला ह्या विषयात शांतपणे बोलता येत नाही, माफ करा, पण पद रिकामं आहे म्हणजे कुणाच्या तरी उशाशी रात्री कुणी नाही, एवढा साधा त्याचा अर्थ आहे.

आता सरकार काय करतंय. सगळ्यात मोठी घोषणा कॉलेजांची. २०२३ च्या केंद्रीय बजेटमध्ये १५७ नवीन सरकारी नर्सिंग कॉलेजं जाहीर झाली, २०१४ नंतर सुरू झालेल्या मेडिकल कॉलेजांच्या आवारातच, आणि एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १५७० कोटी मंजूर केले, म्हणजे एका कॉलेजला १० कोटी, दोन वर्षांत उभी करायची आणि दरवर्षी साधारण १५,७०० पदवीधर नर्स बाहेर काढायच्या. कल्पना मला आवडली, कारण आवारात हॉस्पिटल असलं की मुलीला पेशंट बघायला मिळतात. पण उत्तर प्रदेश, राजस्थानला भरपूर कॉलेजं मिळाली, महाराष्ट्राच्या वाट्याला मोजकी आली. आपल्या धाराशिव, परभणी, हिंगोली, जालन्याला सरकारी मेडिकल कॉलेजं गेल्या काही वर्षांत सुरू झाली, हिंगोली आणि जालना तर २०२४ मध्येच, आणि ती राज्य सरकारने काढली. मेडिकल कॉलेज आलं याचा आनंद आहेच, परभणीच्या माणसाला प्रत्येक गोष्टीला नांदेड नाहीतर संभाजीनगर गाठावं लागायचं. पण जिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य खात्याचं, कॉलेज वैद्यकीय शिक्षण खात्याचं, त्याच इमारतीत त्याच सिस्टर, पेशंट मात्र वाढले, आणि तपासणीला टीम आली की सगळ्यांचं लक्ष प्राध्यापक किती भरले यावर. नर्सची नवीन पदं मंजूर करून, वित्त विभागाची मान्यता घेऊन, बिंदूनामावली (कुठलं पद कुठल्या प्रवर्गाला याची यादी) तपासून, जाहिरात काढून माणूस वॉर्डात उभा राहीपर्यंत बराच काळ जातो. इमारतीचं उद्घाटन त्याआधी होऊन जातं.

जायकवाडी शंभर टक्के भरलं तरी कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळेल असं नसतं, तसं हे आहे. सीट वाढवणं म्हणजे धरण भरणं. ते गरजेचं आहे, त्याला मी नाव ठेवणार नाही. पण पाणी चाऱ्यांमध्येच अडतंय आणि आपण दरवर्षी धरणाची उंची वाढवतोय.

सीट वाढवताना दुसरा धोका दर्जाचा. खासगी कॉलेजांना सहज परवानग्या मिळायला लागल्या की काय होतं ते शेजारच्या मध्य प्रदेशात दिसलं, इमारत नाही, हॉस्पिटल नाही, एकच प्राध्यापक चार कॉलेजांच्या कागदावर, शेवटी हायकोर्टाने तपास सीबीआयकडे दिला आणि मे २०२४ मध्ये त्या तपासातलेच सीबीआयचे अधिकारी कॉलेजांकडून लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडले गेले. अशा कॉलेजातून आलेली मुलगी हुशार असली तरी तिने कधी कॅथेटर टाकलेलं नसतं, बाळंतपण घेतलेलं नसतं, मग पहिल्या नोकरीत तिचे हात कापतात आणि मालक म्हणतो हिला दहा हजार कशाला द्यायचे. तुमच्या चुलत बहिणीचा पगार कमी असण्याचं हे एक कारण असू शकतं, तिच्या बाबतीत आहेच असं नाही.

दुसरी गोष्ट भरती. इथं मला जास्त राग आहे. आरोग्य विभागाची २०२१ ची भरती आठवत असेल, परीक्षेच्या आदल्या रात्री पुढे ढकलली, पोरं-पोरी एसटीने परजिल्ह्यात सेंटरवर पोचलेली होती, मग ऑक्टोबरमध्ये झाली तर पेपर फुटला, खात्यातलीच मोठी माणसं अटक झाली आणि शेवटी परीक्षा रद्द. त्यानंतर २०२३ मध्ये १०,९४९ पदांची जाहिरात, वर्षाच्या शेवटी परीक्षा. वैद्यकीय शिक्षण खात्यानेही २०२३ मध्ये पाच हजारांच्या वर पदं काढली आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा अधिपरिचारिकांचा म्हणजे स्टाफ नर्सचा होता. त्याच वर्षी जिल्हा परिषदांची १९,४६० पदांची जाहिरात, त्यात आरोग्यसेविका होत्या. म्हणजे २०२३ हे वर्ष चांगलं गेलं असंच म्हणावं लागेल, माझ्या कितीतरी विद्यार्थिनी त्यात लागल्या आणि एस-१३ म्हणजे ३५,४०० मूळ पगारावर गेल्या, आजही फोन करतात. पण २०१९ मध्ये पास झालेल्या मुलीचा विचार करा. कोविडमध्ये तीन-तीन महिन्यांच्या ऑर्डरवर पीपीई किट घालून काम केलं, लाट ओसरली की घरी पाठवलं, मग फुटलेला पेपर, मग पुन्हा फॉर्म, एका फॉर्मला हजार रुपये, एवढ्यात लग्न झालं, मूल झालं, वय चाललंय. तिने किती दिवस वाट बघायची? दरवर्षी ठरलेल्या महिन्यात जाहिरात आणि ठरलेल्या महिन्यात ऑर्डर, एवढं एकच केलं तरी निम्म्या मुली या पेशातून जायच्या थांबतील असं मला मनापासून वाटतं. यूपीएससीचं कॅलेंडर वर्षभर आधी निघतं, नर्सचं का निघू नये.

भरती जमत नाही तिथं कंत्राट. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ ला आलं आणि गावोगावी कंत्राटी एएनएम (दोन वर्षांच्या कोर्सवाल्या नर्स), स्टाफ नर्स आल्या. खरं सांगायचं तर त्यांच्यामुळेच मराठवाड्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रं रात्रीची उघडी राहायला लागली, घरची बाळंतपणं दवाखान्यात आली, ते श्रेय त्या योजनेला द्यायलाच पाहिजे. पण अकरा महिन्यांची ऑर्डर आणि एक दिवसाचा ब्रेक यावर बाई पंधरा-पंधरा वर्षं काढते, शेजारच्या टेबलावर तेच काम करणारी कायम सिस्टर जवळजवळ दुप्पट-तिप्पट घेते. मार्च २०२४ मध्ये दहा वर्षं झालेल्यांना समकक्ष पदांवर टप्प्याटप्प्यानं सामावून घ्यायचा शासन निर्णय निघाला, लोकांनी पेढे वाटले, आणि अंमलबजावणी होईना म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच लोकांना संपावर बसावं लागलं. बाह्ययंत्रणेकडून म्हणजे एजन्सीमार्फत नर्स घ्यायचाही प्रयत्न झाला. मे २०२२ मध्ये राज्यभरातल्या नर्स त्याविरोधात रस्त्यावर आल्या होत्या, आणि पुढे सगळ्याच खात्यांसाठी काढलेला एजन्सीचा शासन निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनेच रद्द केला. एजन्सीची नर्स वाईट असते असं मी म्हणत नाही. वॉर्ड हा ओळखीवर चालतो, कुठल्या कपाटात काय आहे, कुठला पेशंट रात्री घाबरतो, कुठल्या डॉक्टरला कधी उठवायचं. दर सहा महिन्याला माणसं बदलली की हे सगळं परत शून्यावर येतं.

समुदाय आरोग्य अधिकारी म्हणजे सीएचओ ही मात्र खरोखर नवीन वाट आहे. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं केली, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथं सहा महिन्यांचा कोर्स करून बीएससी नर्सिंगवालीला बसता येतं, महाराष्ट्रात २५ हजार पगार आणि कामावर आधारित १५ हजारांपर्यंत वेगळे. नर्सला पहिल्यांदाच स्वतःची ओपीडी मिळाली, बीपी-शुगरचे पेशंट तिच्या नावाने यायला लागले. आपल्याकडे ऊसतोडीला गेलेली कुटुंबं एप्रिल-मे मध्ये परत येतात तेव्हा लसी चुकलेली पोरं, तपासणी न झालेल्या गरोदर बाया एकदम येतात, हे सगळं त्या उपकेंद्रावरच्या एएनएम आणि सीएचओ काढतात. पण महाराष्ट्रात ह्या जागांवर बीएएमएस डॉक्टरांची मोठी स्पर्धा आहे, आणि नोकरी कंत्राटीच, हे माहीत असू द्या.

आता खासगी, कारण तुमच्या चुलत बहिणीचं दुखणं तिथलं आहे. सुप्रीम कोर्टाने २९ जानेवारी २०१६ ला केंद्राला खासगी हॉस्पिटलातल्या नर्सच्या पगाराबद्दल समिती नेमायला सांगितलं. समितीने स्पष्ट शिफारस केली की २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढा पगार, १०० ते २०० ला दहा टक्के कमी, ५० ते १०० ला पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आतल्या लहान दवाखान्यातसुद्धा २० हजारांच्या खाली नाही. केंद्राने राज्यांना पत्रं पाठवली. केरळात नर्सनी मोठी आंदोलनं केली आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारने २० हजार किमान वेतनाची अधिसूचना काढली. आपल्याकडे ते पत्र फायलीतच राहिलं. दहा वर्षांपूर्वी जे किमान २० हजार ठरलं त्याच्या निम्म्यावर आज परभणीत जीएनएम झालेली मुलगी काम करते. लहान दवाखाने तर एएनएमसुद्धा घेत नाहीत, बारावी झालेल्या मुलीला पांढरा ड्रेस घालून सलाईन लावायला शिकवतात आणि पाच-सहा हजार देतात, आणि पेशंटचे नातेवाईक तिलाही सिस्टरच म्हणतात. शिकलेल्या नर्सचा भाव पडतो तो इथं. लहान दवाखानेवाल्या डॉक्टरांचीही अडचण असते, मी नाकारत नाही, तालुक्याच्या ठिकाणी पेशंटच्या खिशातच पैसा नसतो. म्हणून तर सरकारने यात पडायला पाहिजे, महात्मा फुले योजनेचे पैसे ज्या हॉस्पिटलला मिळतात तिथं तरी नोंदणीकृत नर्स किती आणि त्यांना पगार किती हे तपासता येतं की.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा केला, १९४७ च्या जुन्या कायद्याच्या जागी. शिक्षणाचा दर्जा, प्रवेश, नोंदणी यासाठी तो चांगला आहे, पण किती पेशंटमागे किती नर्स आणि पगार किती हे त्यात नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात २०१५ मध्ये पेशंटमागे नर्सचं प्रमाणच कायद्यात घातलं, त्याआधी २००० च्या सुमारास ते प्रमाण करारातून लागू झालं तेव्हाच काम सोडून घरी बसलेल्या हजारो नर्स परत आल्या होत्या. त्या कुठं नव्याने शिकल्या नव्हत्या. काम सुसह्य झालं म्हणून आल्या. आपल्या घरी बसलेल्या मुली पण अशाच येतील.

परदेशाचंही बघा, कारण फोनवरचा माणूस तेही सांगेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, नर्स त्यात आहेत, जर्मन भाषेचं प्रशिक्षण सरकारी खर्चाने. सरकारी मार्गाने जाणाऱ्या मुलीला मी अडवणार नाही, उलट खासगी एजंटला तीन-चार लाख देण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पण आधी पदवी, मग दोन-तीन वर्षांचा चांगल्या हॉस्पिटलातला अनुभव, मग बी-टू लेव्हलची जर्मन. ती भाषा काही तीन महिन्यांत येत नाही. आणि एका बाजूला आपले वॉर्ड रिकामे असताना आपणच नर्स पाठवतोय हे बघून मला त्रास होतो, पण त्याची किंमत त्या मुलीने घरी बसून का चुकवावी.

आता तुमच्या बहिणीचं. माझं मत, नर्सिंगला घाला, पण जमीन गहाण ठेवून नाही आणि त्या फोनवाल्याकडून तर अजिबात नाही. बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी आणि इंग्रजी घेऊन ४५ टक्के असतील तर बीएससी नर्सिंगच करावं, प्रवर्गाला सूट असते ती वेगळी. राज्याच्या स्टाफ नर्स भरतीला जीएनएम आणि बीएससी दोन्ही चालतात हे खरं, पण एम्ससारख्या केंद्राच्या हॉस्पिटलातल्या नर्सभरतीच्या नॉर्सेट परीक्षेला बीएससीवाली रजिस्ट्रेशन झालं की लगेच बसते आणि जीएनएमवालीला पन्नास खाटांच्या हॉस्पिटलातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आणि केंद्राचा मूळ पगार ४४,९०० आहे, राज्यापेक्षा साडेनऊ हजारांनी जास्त. नॉर्सेटमध्ये ८० टक्के जागा मुलींना आहेत. मराठवाड्यातल्या मुली ह्या परीक्षेकडे बघतच नाहीत, लातूर पॅटर्न म्हणून नीटला रात्र-रात्र अभ्यास करणाऱ्या ह्याच मुली, त्यांना नॉर्सेट अवघड नाही, फक्त दिल्ली-भोपाळ-रायपूरला जायची तयारी पाहिजे. सरकारी जीएनएम स्कूलला नंबर लागला आणि बीएससीला फक्त महागडं खासगी मिळत असेल तर मी सरकारी जीएनएम घ्या म्हणेन, पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएससी करता येतं.

प्रवेश राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप राऊंडमधूनच (सरकारची केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) घ्या. हे पैशासाठी फार महत्त्वाचं आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण कॅपमधून प्रवेश असेल तरच. मॅनेजमेंट कोट्यातून सीट आजच बुक केली की ही सवलत गेली, तो माणूस हे तुम्हाला सांगणार नाही. एससी-एसटीला त्यांच्या स्कॉलरशिप आहेत. कॉलेज आणि कोर्स महाडीबीटीच्या (राज्याचं स्कॉलरशिपचं पोर्टल) यादीत आहे का ते फॉर्म भरायच्या आधी बघून घ्या.

कॉलेज बघायला स्वतः जा, आणि इमारत बघू नका, हॉस्पिटल बघा. स्वतःचं शंभर खाटांचं हॉस्पिटल आहे का, दुपारी चार वाजता जाऊन किती खाटांवर खरंच पेशंट आहेत, तिथल्या सिस्टरला हळूच विचारा की मुली रोज ड्यूटीला येतात का नुसत्या सह्या करतात. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना विचारा तुम्ही किती बाळंतपणं घेतली. उत्तर द्यायला ती अडखळली तर तिथून निघा. परिचर्या परिषदेच्या आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत चालू वर्षाची मान्यता आहे का बघा, आणि बीएससी असेल तर नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची संलग्नता.

चुलत बहिणीलाही सांगा की तिथंच नऊ हजारावर अडकून राहू नको. संभाजीनगर किंवा पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात आयसीयू नाहीतर डायलिसिसचा अनुभव घेऊ दे, अनुभवाचं पत्र आणि पगाराची बँक एंट्री ठेवू दे, कारण रोख पगाराचा अनुभव पुढे कुणी धरत नाही. सोबत राज्याच्या भरतीची तयारी, रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल चालू, जातवैधता आणि नॉनक्रिमिलेअर आत्ताच काढून ठेवायचं, कितीतरी मुली पेपरात पास होऊन कागदात नापास होतात.

आणि एक, कुठल्याही कॉलेजला किंवा हॉस्पिटलला ओरिजिनल मार्कलिस्ट ठेवायला देऊ नका आणि पास झाल्यावर दोन वर्षं इथंच काम करीन असा बाँड लिहून देऊ नका. परिचर्या परिषदेने खासगी संस्थांचे असे सर्व्हिस बाँड २०११ मध्येच बंद करायला सांगितलेत. कुणी मागितलं तर परिपत्रकाची प्रत द्या, तरी ऐकलं नाही तर कौन्सिलला लेखी तक्रार करा, पोच घ्या.